फुल रेंज, नेट सुसाट, तरी कॉल लागत नाही: ऑस्ट्रेलियात आलेल्या आईबाबांच्या फोनचं काय करायचं?

दिवाळी आटोपली की मेलबर्नच्या पश्चिमेला, आमच्या टार्नीट-पॉइंट कुक भागात, भारतातून आईबाबांची आवक सुरू होते. इथला उन्हाळा, नातवंडांच्या शाळेच्या सुट्ट्या, सगळं त्याच वेळी जुळून येतं. विमान उतरून चार-सहा दिवस झाले की मला कुणाचा ना कुणाचा ठरलेला निरोप येतो:

"अरे, बाबांच्या फोनमध्ये इथलं सिम घातलं. रेंज फुल आहे, नेट पळतंय, व्हॉट्सअ‍ॅपवरून मामांशी अर्धा तास बोलले. पण साधा फोन लावला की लगेच कट. सिम खराब दिलंय वाटतं. बदलून आणू का?"

सिम बदलायला जाऊ नका. दोन-दोनदा बदलून आणून मग माझ्याकडे आलेली मंडळीही आहेत. सिम चांगलं असतं आणि फोनही त्याच्या परीने चांगलाच असतो. ज्या जुन्या नेटवर्कच्या भरवशावर तो फोन कॉल लावायला बघतो, ते नेटवर्कच या देशात उरलेलं नाही.

मी टेलिकॉममधला माणूस नाही. सॉफ्टवेअर तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे बिघाड दिसला की मागे लागायची खोड आहे. गेल्या दोन हंगामांत बरेच फोन हाताखालून गेले. पहिला माझ्या आईचाच होता.

आई इस्लामपूरहून आली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी एकटीच फिरायला गेली. आमच्याकडची घरं म्हणजे एका साच्यातून काढलेल्या विटा. तेच गॅरेज, तीच करडी कौलं, तीच वीतभर हिरवळ. ती दोन गल्ल्या चुकली आणि मला फोन लावत बसली. अकरा वेळा. माझ्याकडे एकही मिस्ड कॉल नाही, कारण कॉल तिच्या फोनमधून बाहेरच पडत नव्हता. व्हॉट्सअ‍ॅप लागलं असतं, पण घाबरलेलं माणूस हिरव्या रिसिव्हरचं बटण दाबतं, त्याला व्हॉट्सअ‍ॅप आठवत नाही. शेवटी कुत्रा फिरवायला निघालेल्या एका पंजाबी काकूंनी तिला घरी आणून सोडलं. आईला गंमत वाटली, मला वाटली नाही. फिरायला गेल्यावर तिला भोवळ आली असती तर तिने काय केलं असतं, हे त्या रात्री डोक्यातून जाईना.

नेमकं बिघडतं कुठे

फोरजीची मूळ रचना फक्त डेटासाठी आहे. टूजी आणि थ्रीजीमध्ये बोलण्यासाठी वेगळी वाट असायची. फोरजीमध्ये तशी वाट नाही, त्यामुळे आवाजही डेटाची पुडकी करूनच पाठवावा लागतो. त्या पद्धतीला व्होल्टे म्हणतात. फोनला एखाद्या कंपनीच्या नेटवर्कवर व्होल्टे जमत नसेल, तर कॉल लावताना किंवा घेताना तो गुपचूप खाली उतरतो, थ्रीजी नाहीतर टूजी पकडतो, बोलणं झालं की परत फोरजीवर चढतो. तुमच्या लक्षातही येत नाही.

भारतात ही पळवाट अजून उघडी आहे. एअरटेल आणि व्हीआयने थ्रीजी गुंडाळलं तरी त्यांचं टूजी चालू आहे. ऑस्ट्रेलियात मात्र टूजी आधीच गेलं. इथल्या तीन मोठ्या मोबाइल कंपन्यांपैकी टेल्स्ट्राने ते डिसेंबर २०१६ मध्ये बंद केलं, ऑप्टसने २०१७ मध्ये, व्होडाफोनने २०१८ मध्ये. मग थ्रीजीची पाळी आली. व्होडाफोनचं थ्रीजी जानेवारी २०२४ पर्यंत संपलं. टेल्स्ट्रा आणि ऑप्टसने तारखा पुढे ढकलत ढकलत अखेर २८ ऑक्टोबर २०२४ ला बंद करायला सुरुवात केली. टेल्स्ट्राचं ते जाळं २००६ पासूनचं, म्हणजे १८ वर्षांचं. जुन्या जाळ्याने अडवलेल्या लहरी मोकळ्या करून फोरजी-फाइव्हजीला द्यायच्या, हा सगळ्यांचाच हिशोब.

म्हणजे आईचा फोन खाली उतरायला गेला आणि पायरीच सापडली नाही, म्हणून कॉल कट.

यावर बाबा लोकांचा हमखास प्रश्न येतो, "पण माझा फोन फोरजी आहे, आणि जिओवर व्होल्टेच चालतं की!" प्रश्न रास्त आहे. जिओ २०१६ मध्ये सुरू झालं ते मुळात टूजी-थ्रीजीशिवाय, त्यामुळे भारतात गेल्या कित्येक वर्षांत विकल्या गेलेल्या जवळपास प्रत्येक स्मार्टफोनला व्होल्टे येतं. अडचण अशी, की व्होल्टे कुठल्या कंपनीच्या नेटवर्कवर चालू करायचं याची यादी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेली असते. भारतात विकायच्या फोनमध्ये भारतीय कंपन्यांची नावं असतात. ऑस्ट्रेलियातली असतीलच असं नाही. तेच मॉडेल, तोच रंग, खोक्यावर तेच नाव, पण इथल्या दुकानातल्या फोनच्या पोटातलं सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं. म्हणून "माझ्या मित्राकडे हाच फोन आहे, त्याचा चालतो" याला पुरावा धरू नका. मित्राने तो कुठे घेतला ते आधी विचारा.

हे फक्त बोलण्यापुरतं नाही

इथे पोलीस, अग्निशमन आणि अँब्युलन्स या तिन्हींसाठी एकच नंबर आहे, ०००. सगळे ट्रिपल झिरो म्हणतात. थ्रीजी बंद व्हायच्या काही महिने आधी एक भलतीच गोष्ट पुढे आली. काही फोन असे होते की साधे कॉल फोरजीवरून व्यवस्थित लावायचे, पण ००० फिरवलं की हट्टाने थ्रीजीच शोधायचे. मार्च २०२४ च्या सुमारास अशा फोनांचा आकडा ७ लाख ४० हजारांच्या घरात सांगितला गेला. तारखा पुढे गेल्या त्यामागे हेही एक मोठं कारण होतं.

त्यातून नियम आला: जो फोन फोरजीवरून ००० लावू शकत नाही, त्याला कंपनीने सेवाच द्यायची नाही. अर्धवट सेवाही नाही. कॉल, मेसेज, नेट, सगळं बंद. म्हणून काही जणांचा अनुभव आईपेक्षा वेगळा असतो: सिम घातलं, थोडे दिवस नेट चाललं, मग इंग्रजीत एक मेसेज आला, तो आईबाबांनी जाहिरात समजून पुसून टाकला, आणि एका सकाळी फोन ठप्प. भारतातून आलेल्या माणसाला हा अन्याय वाटतो. मलाही पहिल्यांदा वाटला होता. पण विचार केल्यावर पटतं, की ऐन वेळी ००० न लागणारा फोन खिशात बाळगण्यापेक्षा तो बंद पडलेला बरा, निदान दुसरा घ्यावा लागतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. भारतात आता ११२ हा नंबर लोकांच्या तोंडी बसला आहे, आणि ऑस्ट्रेलियातही मोबाइलवरून ११२ फिरवलं तर तो कॉल ०००कडेच जातो. त्यामुळे आईबाबांना ११२ आठवलं तरी हरकत नाही. पण ११२ मध्ये काही खास शक्ती नाही. ज्या फोनवरून ००० लागत नाही, त्यावरून ११२ ही लागणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून ००० लावता येत नाही, आणि साधा मेसेज पाठवूनही मदत मागता येत नाही.

आणि कृपा करून, फोन तपासायला म्हणून ००० फिरवून बघू नका. तिकडे खरा माणूस फोन उचलतो.

विमानात बसायच्या आधी

खरं काम इथेच आहे. इथे आल्यावर धावपळ करण्यापेक्षा भारतात असतानाच पंधरा मिनिटं काढा. व्हिडिओ कॉलवर मुलाने किंवा मुलीने समोर बसून करून घेतलं तर उत्तम. "आई, तू सेटिंगमध्ये जाऊन बघ" असं सांगून फोन ठेवलात तर काहीही होणार नाही, हे अनुभवाने सांगतो.

पहिल्यांदा फोनवर *#०६# फिरवायला सांगा. पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, येतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात. मग सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या भागात जाऊन मॉडेल क्रमांक बघा. बाजारातलं नाव नको, अक्षरं-आकड्यांचा लांबलचक क्रमांक हवा. दोन्हींचे फोटो मागवून घ्या. ऑस्ट्रेलियातल्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर आयएमईआय किंवा मॉडेल टाकून तपासायची सोय असते. ज्या कंपनीचं सिम घेणार आहात तिथेच तपासा. एकीकडे 'चालेल' आलं म्हणून दुसरीकडे चालेलच असं नाही. (आयएमईआयचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका, थेट मुलाला पाठवा. ग्रुपवरून तो कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही.)

थ्रीजी बंद होण्याआधी इथे एक सोपी युक्ती होती. ३४९८ या क्रमांकावर ३ हा आकडा मेसेज केला की तुमचा फोन चालेल की नाही ते उत्तर यायचं. जुन्या लेखांत अजूनही तिचा उल्लेख सापडतो. पण त्यासाठी इथलं सिम आणि इथलं नेटवर्क लागतं, तुम्ही साताऱ्यात बसून ती वापरू शकत नाही.

दुसरं, फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. वायफायवर, चार्जर लावून, रात्री. काही फोनांना परदेशी कंपन्यांची यादी अपडेटमधूनच मिळते. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये 'जनरल', मग 'अबाउट' उघडून मिनिटभर थांबा. इथलं सिम घातल्यावर कंपनीच्या सेटिंगचं नवं अपडेट असेल तर तिथेच विचारणा होते. आयफोनवाल्यांना एकूण त्रास कमी होतो, कारण भारतात घेतलेल्या आयफोनलाही इथल्या कंपन्यांची माहिती असते. फक्त आयफोन ५ च्या पिढीतले फोन विसरा, त्यांना व्होल्टे येतच नाही.

तिसरी गोष्ट जरा नाजूक. मुलाने वापरून झालेला फोन आईबाबांकडे जाणं ही आपल्याकडची रीतच आहे. 'चांगला महागाचा आहे, टाकून कशाला द्यायचा?' म्हणून जुना गॅलेक्सी एस७ बाबांच्या खिशात असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे सॅमसंगच्या सुमारे ७० जुन्या मॉडेलांचा प्रश्न बाहेर आला. स्वतःच्या कंपनीची रेंज नसेल तेव्हा ००० साठी फोन दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा टॉवर धरतो. त्या ठिकाणी फक्त व्होडाफोनचाच टॉवर असेल तर हे फोन त्याचं कधीच बंद झालेलं थ्रीजी शोधत बसायचे. बहुतेक मॉडेलांना अपडेट पुरेसं होतं, पण गॅलेक्सी एस६, एस७, नोट ५, २०१७ चे ए५ आणि ए७ असे काही फोन बदलण्याशिवाय इलाज नव्हता. हे फोन रोजच्या वापरात ठणठणीत चालतात, म्हणून तर ओळखणं अवघड. घरात यातला एखादा असेल तर तो भारतातच ठेवून या.

इथलं सिम घातल्यावर

समजा आता फोन इथे आलाच आहे आणि कॉल लागत नाही. मी पुढच्या क्रमाने जातो.

सगळ्यात आधी कुठलं सिम कुठल्या खाचेत आहे ते बघतो. यात निम्मा वेळ वाचतो. आईबाबांचं भारतीय सिम बँकेच्या ओटीपीसाठी फोनमध्ये राहणं भाग असतं, आणि ते नेहमी पहिल्या खाचेत असतं. इथलं सिम मग दुसऱ्या खाचेत जातं. बऱ्याच जुन्या दोन सिमच्या फोनांत एका वेळी एकाच खाचेला फोरजी मिळतं, दुसरी टूजी-थ्रीजीवर राहते. भारतात असताना दुसऱ्या खाचेतलं सिम टूजीवर का होईना चालायचं, इथे ते मेलेलं. खाचांची अदलाबदल करा, किंवा सेटिंगमध्ये डेटासाठी इथलं सिम निवडा. शेजारच्या जोशी काकांचा (हे नाव बदललेलं आहे) फोन एवढ्यावर सुरू झाला. काकांनी त्याआधी दोन सिमं आणि एक अख्खा शनिवार घालवला होता.

मग व्होल्टेचं बटण. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मोबाइल नेटवर्क, मग इथलं सिम निवडून खाली जा. कुठे 'व्होल्टे कॉल्स' लिहिलेलं असतं, कुठे 'एचडी व्हॉइस', कुठे 'फोरजी कॉलिंग'. बंद असेल तर चालू करा, फोन बंद करून पुन्हा सुरू करा, कॉल लावा.

आता महत्त्वाची खूण: भारतीय सिम असताना हे बटण दिसत होतं आणि इथलं सिम निवडल्यावर बटणच गायब झालं, तर समजून जा. फोनच्या यादीत ही कंपनी नाही. बटण बंद असणं आणि बटणच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खात्री करायची असेल तर *#*#४६३६#*#* फिरवा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर एक तांत्रिक पान उघडतं, त्यात आयएमएसची, म्हणजे व्होल्टे ज्या यंत्रणेवर चालतं तिची, स्थिती बघायची सोय असते. तिथे नोंदणी झाली आहे असं दिसलं तर फोरजीवरून आवाजाची वाट उघडी आहे. नोंदणी नाही असं दिसलं, तर नेट कितीही पळो, कॉल लागणार नाही. त्या पानावर बाकी काही चाळवू नका. 'फक्त एलटीई' (म्हणजे फक्त फोरजी) निवडा असा सल्ला देणारे खूप भेटतील. त्याने व्होल्टे येत नाही, उलट घरी परतल्यावर भारतात कॉल बंद पडू शकतात आणि कारण कुणालाच आठवत नाही.

कॉल चालू असताना वरच्या पट्टीकडे नजर टाकायची सवय लावा. बोलता बोलता तिथे फोरजी, फाइव्हजी किंवा व्होल्टेची खूण टिकून राहिली तर ठीक. वायफाय कॉलिंगची खूण दिसली तर वायफाय बंद करून पुन्हा लावून बघा. घरात वायफायवरून कॉल लागतात आणि कोपऱ्यावरच्या बागेत लागत नाहीत, हा प्रकार मी दोनदा पाहिलाय. दोन्ही वेळा घरच्यांनी 'झालं दुरुस्त' म्हणून चहा पाजून मला वाटेला लावलं होतं.

एवढं करूनही जमलं नाही तर नेटवर्क सेटिंग रीसेट करता येतात. पण त्याने वायफायचे पासवर्डही जातात, तेव्हा ते आधी लिहून ठेवा. मग दुसऱ्या कंपनीचं स्वस्त प्रीपेड सिम लावून पाहा. इथे टेल्स्ट्रा, ऑप्टस आणि व्होडाफोन ही तीनच खरी जाळी, बाकीची डझनभर नावं त्यांच्याच टॉवरवर चालतात. गंमत म्हणजे, टॉवर एकच असला तरी मूळ कंपनीच्या सिमवर व्होल्टे येतं आणि त्याच टॉवरवरच्या दुसऱ्या नावाच्या सिमवर येत नाही, असे फोन असतात. फोन सिमवरचं नाव वाचून ठरवतो, टॉवर बघून नाही.

त्या गुप्त कोडचं काय?

हे कुणीतरी विचारणारच. शाओमीच्या बऱ्याच फोनांवर *#*#८६५८३#*#* फिरवलं की व्होल्टेसाठी कंपनी तपासायची अट निघते आणि गायब बटण परत येतं. कीपॅडवरच्या अक्षरांनी वाचलं तर हे आकडे इंग्रजीत 'व्होल्टे' असंच सांगतात. ४६३६ चंही तसंच, ते 'इन्फो' होतं. कोणा इंजिनियरची मजा.

मी हा कोड वापरून पाहिलाय. आईच्या फोनवर साधा कॉल लागलासुद्धा, आणि पाच मिनिटं मला मोठा तीर मारल्यासारखं वाटलं. पण साधा कॉल लागतो म्हणून ००० लागेल असं नाही, हे वर आलंच आहे. शिवाय कंपनीच्या नोंदीत तो फोन अजूनही 'न चालणारा'च राहतो, म्हणजे कधीही ब्लॉक होऊ शकतो. आणि ००० लागतं का ते तपासायचा घरगुती उपाय नाही. मित्रांबरोबर फिरणाऱ्या पंचविशीतल्या पोराला मी हा कोड सांगेन. गुडघ्यांना धरून जिना उतरणाऱ्या सत्तरीतल्या आईसाठी वापरणार नाही.

शहरात चालतो, बाहेर पडलं की जातो

हा दुसरा, जरा वेगळा आजार. मेलबर्नमध्ये सगळं नीट, आणि आईबाबांना ग्रेट ओशन रोडला नेलं की तुमच्या फोनवर तीन काड्या आणि त्यांच्यावर शून्य. इथे व्होल्टेचा संबंध नाही. फोरजी वेगवेगळ्या लहरींच्या पट्ट्यांवर चालतं. शहराबाहेर लांब पल्ल्यासाठी टेल्स्ट्रा आणि ऑप्टस ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे बँड २८, मोठ्या प्रमाणावर वापरतात. भारतात विकल्या गेलेल्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या अनेक फोनांत बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ असतात, २८ नसतो. आधी अशा ठिकाणी थ्रीजी सावरून घ्यायचं, आता ते नाही. हा बँड कुठल्या अपडेटने येत नाही, तो हार्डवेअरचा भाग आहे. फोनची माहिती शोधताना एलटीई बँडच्या यादीत २८ दिसतो का ते बघा. नसेल तर गावाबाहेर जाताना आईबाबांनी तुमच्याबरोबरच राहायचं.

मग मी सांगतो काय

तीन गोष्टी करून बघा: खाच, बटण, दुसरं सिम. अर्ध्या तासात जमलं नाही तर थांबा. इथला एक साधा फोन घ्या. सुपरमार्केटमध्ये, पोस्टात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात प्रीपेड फोन शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळतात आणि ते इथल्या नेटवर्कसाठीच बनवलेले असतात. "शंभर डॉलर म्हणजे किती रुपये?" हा हिशोब आईबाबा करणारच. त्यांना किंमत सांगू नका, ऑफिसातून मिळाला म्हणा. मी तसंच केलं. आईला खरं काय ते नंतर कळलं, पण तोवर तिला त्या फोनचे मोठे आकडे आवडले होते.

भारतातला फोन फेकायचा नाही. तो घरी वायफायवर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप आहे त्याच नंबरवर चालू राहतं. इथल्या नव्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप हलवायचा घाट घालू नका, सगळ्या नातेवाइकांना नवा नंबर कळवण्यात आठवडा जातो. भारतीय सिमवर रोमिंग चालू आहे का ते मात्र निघण्याआधी बघून घ्या, नाहीतर ओटीपीचा मेसेज येणार नाही. ओटीपी येतो आणि कॉल येत नाही, असंही होतं. रोमिंगवर बोलायचं असेल तर इथल्या आणि तिथल्या कंपनीत व्होल्टे रोमिंगचा करार असावा लागतो आणि फोनलाही ते जमावं लागतं. मेसेजला एवढे सोपस्कार लागत नाहीत.

फिरायला जाताना मात्र खिशात इथला फोन. त्यात तुमचा नंबर एका बटणावर ठेवा, आणि फोनच्या मागे पत्त्याची चिठ्ठी चिकटवा, घर क्रमांक आणि उपनगराच्या नावासकट. ०००वर पहिल्यांदा पोलीस, फायर की अँब्युलन्स ते विचारतात आणि मग पत्ता. आईला मी तीन शब्द पाठ करून घेतले: 'अँब्युलन्स', उपनगराचं नाव, आणि 'मराठी'. दुभाषा मिळू शकतो, पण कुठली भाषा ते सांगावं लागतं.

घरातली बाकीची यंत्रं

फोन झाला तरी एकदा घरात नजर फिरवा. जुन्या टॅब्लेटमधलं सिम, घराच्या अलार्मचा डबा, मुलाच्या दप्तरातला ट्रॅकर, गाडीतलं मदतीचं बटण, वृद्धांच्या गळ्यातलं पडलं तर कळवणारं लॉकेट. यातलं जे जे थ्रीजीवर होतं ते मुकं झालेलं आहे आणि स्वतःहून सांगत नाही. लॉकेटची तर बटण दाबून चाचणी घ्या. त्यासाठी सेवा देणाऱ्यांना आधी फोन करून सांगायचं असतं.

अमेरिकेत जाणाऱ्या आईबाबांनाही हेच दुखणं आहे. तिथे एटीअँडटीने २२ फेब्रुवारी २०२२ ला थ्रीजी बंद केलं, आणि त्यांच्या मान्य यादीत नसलेला फोन, मग तो कितीही नवा असो, अडू शकतो. इंग्लंडला जाणार असाल तर इतकी घाई नाही. तिथे थ्रीजी गेलं तरी टूजी २०३३ पर्यंत ठेवायची मुभा आहे, त्यामुळे जुना फोन निदान बोलायच्या कामाचा राहतो.

आईच्या फोनची ही सगळी कथा ऐकून गावाकडून भावाने एकच विचारलं, "मग आपला मोटरचा मोबाईल स्टार्टर?" विहिरीवरच्या त्या डब्यात टूजीचं सिम आहे. रात्रीची थ्री फेज आली की घरून मिस्ड कॉल देऊन मोटर चालू करायची, त्यावर आमचा ऊस उभा आहे. भारतात टूजी चालू आहे तोवर चिंता नाही. पण नवा स्टार्टर घेताना फोरजीचा मागायला मी त्याला सांगितलंय. दुकानदार 'सारखंच असतं' म्हणेल. सारखं नसतं.

आईसाठी घेतलेला इथला फोन आता आमच्या गल्लीत फिरतो. मार्चमध्ये आई परत गेली, मग तो जोशी काकूंच्या बहिणीकडे होता, सध्या आमच्या टेबलाच्या खणात आहे. मधूनमधून चार्ज करून अपडेट करतो आणि सिमची मुदतही बघतो, कारण बंद ठेवलेल्या फोनचं प्रीपेड सिम मुदत संपून मरतं आणि नेमकं पाहुणे विमानतळावर उतरल्यावर ते लक्षात येतं. पुढचे सासूबाई-सासरे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतायत. कुणाला त्याआधी लागला तर सांगा.